हात्सुएच्या मुळ्याची तारीफ

कीनूने हात्सुएच्या वाडग्यात मीठ मोजायच्या यंत्राची दांडी बुडवली आणि आकडा बघून कपाळावर हात मारला.

"हे सूप आहे की समुद्र?"

"माझ्याच घरात येऊन माझ्या सुपाला नावं ठेव!" हात्सुएने वाडगा ओढून घेतला. "गावाने तुला हे खेळणं काय दिलं, तुला शिंगंच फुटली."

जपानातल्या अकिताच्या डोंगरातल्या त्या गावात, मीठ कमी करा म्हणत दारोदार फिरायचं काम कीनूकडे आलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. कुणाच्याही स्वयंपाकघरात नाक खुपसायला आता रीतसर परवानगी होती. पण तिचे वडील आणि सासरे दोघेही पक्षाघातानेच गेले होते, म्हणून ती चेष्टा कितीही करो, आकडा खरा सांगायची. हात्सुएशी तिचं जुनं वैर. दोघी धुरी दिलेला मुळा तांदळाच्या कोंड्यात मुरवून लोणचं घालायच्या, गावच्या स्पर्धेत एकमेकींशी लढायच्या आणि एकमेकींच्या मुळ्याबद्दल चुकूनही चांगलं बोलायच्या नाहीत. तरी सकाळची मालिका बघायला कीनू यायची ती हात्सुएकडेच. नायकाला एकटीने शिव्या घालण्यात काय मजा?

त्या दिवशीची मालिका संपली तशी हात्सुए मागच्या पडवीत गेली, गारठलेल्या पिपातल्या कोंड्यात हात घालून मुळा काढला आणि चकत्या करून घेऊन आली. टेबलाशी येताच बशी तिच्या उजव्या हातातून निसटली.

"थंडीने बधिर झालाय मेला."

त्या गावात यात नवल काहीच नव्हतं. पिपात हात घालणाऱ्या प्रत्येकीची बोटं बधिर व्हायची. कीनूही चकत्या गोळा करायला वाकली आणि तशीच थांबली.

"दोन्ही हात घातले होतेस ना गं पिपात?"

"मग?"

"मग एकच कसा बधिर?"

हात्सुए काहीतरी बोलली, पण तोंडात भाताचा गोळा धरून बोलावं तसे शब्द घरंगळले. तिची सून योरिको हसायला लागली.

"आई, सकाळीसकाळी घेतलीत की काय थोडी?"

कीनू हसली नाही. "हात्सुए, जरा हस बघू."

हात्सुएने तोंड फिरवलं. कीनू सांगतेय म्हणून ती जन्मात हसली नसती.

"तुझा मुळा माझ्यापेक्षा चांगला असतो," कीनू म्हणाली. "पहिल्यापासून."

हात्सुएने चमकून वळून पाहिलं. मग तिला हसू आवरेना. पण ते सगळं डाव्या गालावरच फुललं. तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबत राहिला.

"योरिको, रुग्णवाहिका बोलाव! पक्षाघात आहे म्हणून सांग!"

"आधी पाणी देऊ का त्यांना?"

"काही देऊ नकोस. फोन कर."

केव्हापासून होतंय, असं फोनवरून विचारलं गेलं. हात्सुएला कुशीत धरून बसलेली कीनू तिथूनच ओरडली, "मालिका संपेपर्यंत ठणठणीत होती! नायकाला माझ्यापेक्षा घाण शिव्या दिल्या तिने!"

तेवढा हिशेब डॉक्टरांना पुरला. वेळेत आणलंत, म्हणून गुठळी विरघळवायचं औषध देता आलं, असं ते म्हणाले. कीनू रुग्णालयाच्या बाकावर बसून पोटभर रडली.

बर्फ वितळायच्या सुमाराला हात्सुएची काठीसुद्धा सुटली. रक्तदाबाची गोळी ती न चुकता घ्यायची आणि मुळ्यात मीठ घालायची ते निम्मंच. एका सकाळी तिने त्या नव्या मुळ्याच्या चकत्या कीनूपुढे ठेवल्या.

"त्या दिवशी काय म्हणालीस, पुन्हा म्हण."

"कुठल्या दिवशी? मला नाही बाई आठवत."

"योरिको साक्षीला आहे."

कीनूने एक चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"हा मुळा? हा तर माझ्या मुळ्याच्या पासंगालाही पुरायचा नाही."

हात्सुए खदखदून हसली. कीनू चावायची थांबली, पुढे वाकली आणि तिच्या तोंडाचे दोन्ही कोपरे नीट निरखून पाहू लागली.

"काय बघतेस गं एवढं?"

"काही नाही," कीनू म्हणाली आणि तिने बशी आपल्याकडे ओढली. मालिका सुरू होईपर्यंत बशीत एकही चकती उरली नव्हती.