एक सूत वर

मल्हाररावाच्या खोड्या चिकलठाण्याच्या समद्या कारखान्यांत ठाऊक. फोरमनच्या डब्यात जित्ता बेडूक ठेवणारा फिटर, दुसरा कोण? त्यामुळं आज गडी पहिल्यांदाच खरं बोलत होता, तर सख्खी आई ऐकायला तयार नव्हती.

"ही मी नाय," सारजाबाई म्हणाली. "हा बाप्या हाय. घसा बसलेला."

छावणीतल्या त्याच्या खोलीत जुना रेकॉर्ड प्लेअर फिरत होता. वीस वर्षांमागं मुंबईची माणसं पाचोडला आली आन् सारजाबाईच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेऊन गेली. तबकडी निघाली, पण तिला कधी ऐकायला मिळाली नाय. गावात जावा म्हणायच्या, थापा मारती. परवा मल्हाररावाला ती तबकडी जुन्या बाजारात गावली, म्हणून त्यानं आईला बोलावून घेतलं. पण म्हातारीला पाचची एस्टी धरायची होती. उद्या विद्यापीठाच्या नामांतराचा बंद, गाड्या नाहीत.

"द्यायचं नाव तर देऊन टाकावं की," ती म्हणाली, "लोकांला कशाला तंगवायचं? चल, निघते मी. झाली तुझी खोडी."

"आये, थांब! देवाशप्पथ खोडी नाय!"

शेजारचे श्रीनिवासराव, कचेरीतले कारकून, उकिडवे बसून सुईच्या दांड्याकडं एक डोळा लावून होते. "मल्हारराव, हा दांडा बघा. पुढून वर, मागून खाली. म्हशीनं पाण्यातून तोंड काढावं तसा. म्हणून आवाज जाडा येतोय."

खरंच की! तबकडीखालची रबरी चकती हरवलेली. मल्हाररावानं तिथं घोंगडीचा गोल तुकडा कापून घातलेला, म्हणून तबकडी उंच बसलेली. तुकडा काढावा तर ती खालच्या लोखंडी थाळीवर घसरायची. मग दांड्याचा मागचा खुंटच उचलायचा. त्यानं स्क्रू ढिला केला, खुंट वर घेतला. पण आटे गेलेले. सोडला की खुंट खाली.

"एक सूत पायजे इथं! फकत एक सूत!" मल्हारराव ओरडला.

कारखान्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. सारजाबाईला काय माहीत? तिनं खांद्यावरच्या घोंगडीचा दोरा फर्रकन ओढला.

"घे सूत. त्यात बोंबलायचं काय?"

श्रीनिवासराव हसता हसता भिंतीला टेकले. मल्हाररावाच्या बी ओठांवर चेष्टा आली होती, पण दोरा हातात पडला आन् फिटरची बोटं थांबली. पिळाचा, राठ दोरा. त्यानं खुंट उचलला आन् बुडाशी दोऱ्याचे वेढे दाबून गुंडाळायला घेतले.

श्रीनिवासरावांनी पट्टी लावली. "अजून. अजून एक. बस्स! बरोब्बर एक सूत!"

दांडा पाटासारखा सरळ. सुई टेकली आन् जात्याची घरघर निघाली, तिच्यावर बाईचा कोवळा, खणखणीत गळा.

सारजाबाई ढिम्म. "आसंल कुणी बी. दुसरीकडून गाऊन घेतलं आसशील. तुझा काय भरवसा?"

मल्हाररावाचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तबकडीतली ओवी मधीच तुटली आन् तोच गळा कडाडला, "हट गं भवाने! पीठ खाती!"

"आगं बया!" सारजाबाई मटकन खाली बसली. "ही माझी चंद्री शेळी! आन् ही... ही तर मीच की रं!"

ती हलायलाच तयार नाय. श्रीनिवासरावांनी घड्याळ दाखवलं, पाच वाजून गेलेले.

"जाऊ द्या वो. बंद उठला की जाईन." आन् डोळे मिटून ती तबकडीबरोबर गायला लागली. दोन ओव्यांतच मागं पडली, तशी चिडून म्हणाली, "मल्हारी, त्या बयेला जरा दमानं म्हणायला सांग. तिला काय, वयात हाय ती!"