काजळीची पावडर

घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं, एवढं आमच्या जावईबापूंना कळायचं. तेही घोडा खिंकाळला तर. अशा माणसाच्या हाती मालकांनी अख्खा तबेला दिला, आपला जावई म्हणून. मी इथं सोळा वर्षं दाणा घालते, घोड्यांची बाळंतपणं करते. मला म्हणाले, “मावशी, ते सांगतील तसं करायचं.” बरं म्हटलं.

आमच्या कुरणाच्या मातीत सेलेनियम का काय म्हणतात ते कमी. गवतात उतरत नाही, म्हणून काजळीच्या, आमच्या गाभण घोडीच्या दाण्यात रोज चिमूटभर पावडर मिसळायची. पोटातल्या शिंगराचे स्नायू त्यावर घडतात. डब्यावर डॉक्टरीणबाईंनी स्वतः चिठ्ठी डकवली होती, फक्त गाभण घोडीसाठी. जावईबापूंनी ती वाचली आणि काजळीची पावडर पैदाशीच्या घोड्याला सुरू केली, तीही मूठभर. का, तर त्याचे फोटो काढायचे होते, अंगावर तुकतुकी हवी होती.

“घोडीला कोण बघतंय?” म्हणाले.

“अहो, पण ती पावडर तिची आहे.”

“मावशी, तुम्ही लीद काढा.”

झोंबलं मला. ठरवलं, आता तोंडातून अक्षर काढायचं नाही. पडू दे तोंडावर.

आणि पडलेच. दोनेक महिन्यांत घोड्याची आयाळ विरळ झाली, शेपटीचे केस झुपक्यांनी गळायला लागले. जास्त झाली की ती पावडर हेच करते. शेपटीचा झिजलेला खराटा झाला. फोटोवाला आला, बघून परत गेला. मी दाण्याच्या खोलीत जाऊन पोट धरून हसले. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई काजळीला लस द्यायला आल्या, तर या शहाण्याने घोडा मागच्या कुरणात लपवला. मी बाईंना चहा दिला आणि जावईबापू कसे चालतात त्याची नक्कल करून दाखवली. बाईंना ठसका लागला.

आज पहाटे काजळी व्याली. शिंगरू देखणं, कपाळावर चांदवा. पण उठेना. मांड्या दाबून बघितल्या तर लाकूड. सड तोंडात धरायचं, पण ओढायला जोर नाही; चीक ओठांच्या कडेनं गळून जायचा. लघवी केली ती काळ्या चहासारखी. बाई धावत आल्या, इंजेक्शन दिलं, नळीनं चीक पाजला. मग छातीला कान लावून बराच वेळ तशाच बसल्या.

“हृदयाचा स्नायूही गेलाय,” त्या म्हणाल्या. “पावडर कधी बंद झाली?”

“रोज चालू आहे की,” जावईबापू म्हणाले.

“चार महिने झाले,” मी म्हटलं. “सगळी त्या घोड्याला घातली यांनी. चिठ्ठी वाचून घातली.” मोठ्या तोऱ्यात सांगितलं. या दिवसाची वाटच बघत होते मी.

बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझ्याकडे वळल्या.

“मावशी, गेल्या महिन्यात मी इथंच चहा प्यायले ना? तेव्हा सांगितलं असतं तरी वेळ होता.”

शिंगराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझं बोट तोंडात घेऊन ते दूध शोधत होतं. दुपारी शोधायचं थांबलं.

काजळीची कास तटतटली होती. मी बादली घेऊन पिळायला बसले. जावईबापू दारात घुटमळत होते.

“मावशी, आता काय करायचं?”

मूर्ख माणूस. पण त्याला निदान कळत तरी नव्हतं.