कुजबुजणाऱ्या गावची लाल दोरी

मी एक जुनी दोरी आहे. पण मला गुरांचं दावं समजू नका हं, मित्रांनो. लाल सुताची, पंचवीस मीटर लांब, आणि दर मीटरला पितळेचा एक छोटा बाण. सगळे बाण एकाच दिशेला बघतात. ज्याच्या कमरेला माझं टोक बांधलंय, त्या माणसाकडे. बर्फाचा लोट आला आणि माणूस गाडला गेला, तरी मी हलकी असल्यामुळे माझा थोडासा भाग वर राहतो. मग बाण दाखवतील तिकडे जायचं आणि खणायचं. माझ्याइतकं सरळ बोलणारं त्या डोंगरात दुसरं कुणी नव्हतं.

खालच्या शहरातल्या एका दोरवाल्यानं मला वळलं आणि वाल्दूरा गावच्या बार्ला सुइणीनं मला कमरेला बांधलं. बारा हिवाळे मी तिच्या मागून बर्फावर घसटत गेले. कुठंही बाळंतपण असलं की बार्ला पायात स्की चढवायची आणि निघायची. मला दारात बघून बायका म्हणायच्या, "आली लाल दोरी, आता काळजी नाही." खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

वाल्दूरातली माणसं हिवाळाभर कुजबुजत बोलायची. आवाजानं डोंगर जागा होतो आणि बर्फ खाली येतो, असं त्यांचे आजे-पणजे सांगून गेले होते. गाईंच्या घंटांमध्येसुद्धा ती गवत कोंबायची.

एका सकाळी वरच्या वस्तीतला फ्लूरिन धापा टाकत बार्लाच्या दारात आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या आणि घरात ती एकटी होती.

"जंगलातून जाऊ," बार्ला म्हणाली. "दोन दिवस वारा सुटलाय. उघड्या उतारावर नवा बर्फ साचला असेल."

"बार्लाबाई, जंगलातून एक तास जास्त लागतो. तिचं काही बरंवाईट झालं तर?"

बार्ला उताराच्या वाटेनं निघाली. इथंच ती चुकली, आणि पुढं तिनं ते सगळ्यांना स्वतः सांगितलं.

उताराच्या कडेला मात्र तिनं त्याला थांबवलं. "मी पलीकडच्या खडकापाशी पोचेपर्यंत तू इथून हलायचं नाहीस. एका वेळी एकच माणूस. आणि खोरं पाठीवरून काढून हातात घे."

आम्ही निघालो. अर्ध्यावर आलो तर पायाखाली धप्प असा आवाज झाला, धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा. वर पांढऱ्या बर्फात एक चीर लांबत चालली होती. बार्लाला ती दिसली नाही. फ्लूरिनला दिसली. त्यानं तोंडाशी हात नेला आणि शंभर पावलांवरून तो कुजबुजला, "बार्लाबाई, बाजूला व्हा."

मला ऐकू आलं नाही, तिला कुठून येणार?

क्षणात सगळा उतार खाली गेला. मी गरगरले, ताणले गेले, आणि थांबले तेव्हा माझा वीतभर तुकडा उजेडात होता. बार्ला खाली होती. अशा वेळी पंधरा मिनिटांत माणूस बाहेर काढला तरच आशा असते, हे मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी घाबरले.

फ्लूरिन धावत आला. त्यानं मला ओढलं नाही, शहाणा पोरगा. ओढली तर दोरी तुटते. त्यानं बाण बघितला, त्या दिशेनं खणलं, दुसरा बाण सापडला, मग तिसरा. चौथ्या बाणाला बार्लाची टोपी दिसली.

तिनं दोन-तीनदा श्वास ओढला, तोंडातला बर्फ थुंकला आणि म्हणाली, "मेल्या, ओरडला का नाहीस?"

"ओरडलं तर बर्फ कोसळतो ना, बाई."

"अरे, तो कोसळतच होता की!"

उरलेली वाट दोघं जंगलातूनच गेली. दुपारी फ्लूरिनला मुलगी झाली. नेसा तिचं नाव. जन्मताच तिनं असा टाहो फोडला की चुलीवरचं सातूचं सूप ढवळायचं सोडून फ्लूरिन खिडकीशी धावला आणि डोंगराकडे बघत उभा राहिला. वर बर्फ गच्च भरला होता. नेसा तासभर रडली. वरून मूठभर बर्फसुद्धा खाली आला नाही.

"बघितलंस?" बार्ला म्हणाली. "डोंगराला आवाज लागत नाही रे. नव्या बर्फावर आपलं वजन पडतं, ते लागतं."

आता माझं काम गळ्यात अडकवायची छोटी यंत्रं करतात. गाडलेला माणूस ती माझ्यापेक्षा लवकर शोधतात, हे मी मान्य करते. मधली कितीतरी वर्षं माझ्यावर ओले मोजे वाळत होते. तेव्हा मी रुसले होते, पण आता नाही. कारण नेसा आज डोंगरातल्या बचाव पथकाची प्रमुख आहे, आणि दर हिवाळ्यात शाळेतल्या मुलांसमोर ती मला खुंटीवरून काढते.

मित्रांनो, यंत्र घ्या, खोरं घ्या, पण वारा सुटून नवा बर्फ साचला असेल तर तासभर लांबच्या वाटेनं जा. माझी गरज पडली नाही तर मला वाईट वाटणार नाही. आणि वर चीर दिसली तर काय करायचं, ते नेसा मुलांना उतारापासून दूर, गावच्या मैदानात उभं करून शिकवते. सगळी मिळून घसा फाटेपर्यंत ओरडतात. म्हातारा फ्लूरिन काठी टेकत मुद्दाम तिथं येतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडतो.