आजोबांची अभेद्य भिंत

"करवतीचे दात गेले तर मला बोलू नका," आजोबा भिंतीला खुर्ची लावून बसत म्हणाले. "आरपार वीट आहे, मी स्वतः बांधलीय. याआधी दोन जण हात टेकून गेले."

"हात टेकून नाही, तुम्ही घालवून दिलंत त्यांना," आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या आणि खोकल्या.

गिरमिटरावांनी यंत्राला गोल करवत लावली. वाटीसारखी, काठाला दात, मधोमध टोकदार गिरमिट. घरांच्या बाहेरच्या भिंतींना भोकं पाडणं हा त्यांचा धंदा. खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. हात चोख होता, तोंड नव्हतं. भिंतीच्या पोटात जे सापडेल ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत, आणि मग त्या घरून पुन्हा बोलावणं येत नसे. "भोकं भिंतींना पाडा, माणसांना नको," बायकोने सकाळीच बजावलं होतं.

इथे स्वयंपाकघरात धूर कोंडायचा. आजींच्या छातीला तो सोसेना, म्हणून धूर ओढणाऱ्या पंख्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढायचा होता. ही भिंत कापलीच जाणार नाही, असं म्हणत आजोबांनी ते काम वर्षानुवर्षं अडवलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच दम भरला.

"आजोबा, खुर्ची."

आजोबा उठले, पण लांब गेले नाहीत.

पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला किंचित उतार धरून गिरमिटरावांनी यंत्र टेकवलं, पाय रोवले आणि सगळा भार टाकला. गिलावा सुटला, विटेचा लाल भुगा उडाला, आणि मग चिखलात पाय जावा तशी करवत आत गेली. गिरमिटरावांचं कपाळ भिंतीवर आपटलं.

भोकातून माती घरंगळली. माती, कौलांचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीची चिंधी.

गिरमिटरावांनी तोंड उघडलं.

"हळू," आजोबा कुजबुजले. "पाया पडतो तुमच्या. विटा संपल्या होत्या हो तेव्हा. दोन्ही बाजूंना एकेक थर लावला, मधे भर टाकली. हिला सांगितलं, आरपार वीट. ती जगाला सांगत आलीय. व्याह्यांनासुद्धा."

"का थांबलं हो यंत्र?" आजींनी विचारलं.

गिरमिटरावांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. चांगलं होतं, गल्लीला महिनाभर पुरलं असतं. ते गिळताना त्यांना ठसका लागला.

"दात तापलेत, आजी. भलतीच चिवट आहे."

मग ते मोकळ्या भोकात यंत्र फिरवत राहिले. मधूनच विटेच्या काठाला घासत, मधूनच कण्हत. घाम मात्र आजोबांना फुटला होता. बाहेरच्या थराला पाच मिनिटं पुरली असती. गिरमिटरावांनी तो अर्धा तास कापला.

आवाज थांबल्यावर आजी आल्या. त्यांनी भोकापुढे हात धरून वारा लागतो का पाहिलं. मग खाली पाहिलं. ओट्याशी मातीचा ढीग होता, त्यात विटेचा चुरा चिमूटभर.

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

"फार कठीण गेली ना?" आजींनी विचारलं.

"खांदा गेला," गिरमिटराव म्हणाले.

"जाणारच. आरपार वीट आहे."

आजींनी नाकाला फडकं बांधलं आणि माती सुपलीत भरायला घेतली. गिरमिटराव मदतीला वाकले.

"राहू द्या. मीच टाकते."

भरलेली सुपली घेऊन त्या मागच्या दाराकडे निघाल्या. आजोबा लगबगीने पुढे झाले आणि दार धरून उभे राहिले.