लामबोकचा हात

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या मांडीवर एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तिची वायर स्पीकरला जोडली आहे, स्पीकर चालू आहे आणि तुम्ही अजून काहीच वाजवलेले नाही. मग तुम्ही तारांवर नुसता पंजा ठेवता, आणि काचेच्या बरणीत भुंगा अडकावा तशी गुणगुण सुरू होते. हात उचलला की विरते. ठेवला की पुन्हा सुरू. आता सांगा, शेजारी बसलेली माणसे कशाकडे बघतील? गिटारकडे नाही. तुमच्या हाताकडे बघतील.

शिलाँगच्या जैआव भागात, रस्त्यावरून बारा पायऱ्या खाली उतरल्यावर लागणाऱ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, बाह त्रेइबोर, बाह म्हणजे दादा, असाच तारांवर पंजा ठेवून बसले होते. समोरच्या स्टुलावर अकरा वर्षांची दाफिशा होती. शाळेचा स्वेटर, त्यावर बापाचे जुने जाकीट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"पापानं हात ठेवला की असंच व्हायचं."

त्रेइबोरांनी तोंडातली क्वाय एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. सुपारी, पान आणि वर चुना. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत त्यांचे तोंड कधी रिकामे नसायचे. तोंडात क्वाय असली की बोलायला उशीर लागतो, आणि आत्ता त्यांना तो उशीर हवा होता.

अर्ध्या तासापूर्वी धुक्यातून ही मुलगी आपल्याएवढी पेटी पाठीवर घेऊन उतरली, तेव्हाच त्यांनी पेटी ओळखली होती. लामबोकची पेटी. लामबोक म्हणजे शाळेतला शिपाई, घंटा वाजवणारा. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. गेल्या महिन्यात न्यूमोनियाने गेला. त्रेइबोर त्याच्या घरी शोकाचे तिन्ही दिवस बसून आले होते.

"पाराद," दाफिशा त्यांना आजोबा म्हणूनच हाक मारायची, "शनिवारी सोहऱ्याहून माझ्या आत्या येणार आहेत. गिटार न्यायला."

"नेणारच. लग्नाआधीची वस्तू आहे त्याची. रीतीप्रमाणे त्याच्या आईच्या घरी परत जायची."

"मला नकोच आहे ती. मला फक्त कळायला हवं, दोष कुणाचा होता. गिटारचा की पापाच्या हाताचा. एकदा सोहऱ्याला गेली, की मी कुणाला विचारू?"

काय झाले होते ते सगळ्या जैआवला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या सरावात लामबोकची गिटार गुणगुणू लागली. रोज नाही, अधूनमधून. लामबोक लग्नाआधी दारू प्यायचा. पुढे त्याने सोडली होती. पण सोडलेली दारू लोक विसरत नाहीत. गाणाऱ्यांचा प्रमुख होता किरशान, दाफिशाचा सख्खा मामा. खासींच्या घरात मामाचा शब्द बापाच्या शब्दापेक्षा जड. त्याने सगळ्यांसमोर म्हटले, हात ठेवला की आवाज येतो, काढला की जातो, मग दोष गिटारचा की पिणाऱ्याच्या हाताचा ते लहान पोरही सांगेल. त्या नाताळात लामबोकच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला.

"मग तो घरी वाजवायचा," दाफिशा म्हणाली. "स्पीकर न लावता. पलंगावर बसून. तसं वाजवलं की अगदी बारीक ऐकू येतं. शेजारी बसलं तरच. मी बसायची."

त्रेइबोर उठले. "चल, चोर शोधू. पण एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि आवाज थांबला, तर चोर कोणता ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"तर मग आधी ही वायर."

खिळ्यावरची दुसरी वायर काढून त्यांनी जोडली आणि तारांवर हात ठेवला. गुणगुण तशीच.

"वायर सुटली," दाफिशा म्हणाली.

"निर्दोष सुटली. आता स्पीकर."

दुसरा स्पीकर कोपऱ्यातून ओढून आणायला दोघे लागले. त्याचा आवाज जरा घोगरा होता, पण गुणगुण होतीच.

"आता दिवा बंद कर. ट्यूबसुद्धा खोडकर असते."

दुकानात अंधार झाला. गुणगुण किंचित खाली आली, पण गेली नाही. शेजारी चहा विकणाऱ्या कोंग बिनाने, म्हणजे बिनाताईने, दारातून डोके आत घातले.

"काय हो बाह, भर दुपारी दिवा विझवून झोपता? गिऱ्हाइकाला उशी पण देता का?"

"लाल चहा दे दोन. आणि गुळाचं पुखलेन दे या पोरीला."

"पुखलेन सकाळीच संपले. लोक वेळेवर उठतात इथले," असे म्हणत कोंग बिना गेली. चहा मात्र लगेच आला.

दाफिशाने दिवा लावला. "ट्यूब पण सुटली?"

"ट्यूब थोडी सामील आहे, पण मुख्य नाही. मुख्य चोर घरातलाच दिसतो." त्यांनी गिटारवर बोट टेकवले. "आता नीट ऐक. हवेत विजेची गुणगुण सगळीकडे असते. दिव्यांची, भिंतीतल्या वायरींची. आपलं अंग ती गोळा करतं, ओल्या कपड्यानं धुरळा गोळा करावा तसं. म्हणून गिटारमध्ये तारांपासून आत एक वायर जाते, अर्थिंगची. ती धड असली की ही सगळी गुणगुण निमूट वाहून जाते. उलट, हात ठेवला की गिटार जास्त शांत होते. ती वायर तुटली, की अंगात जमलेलं सगळं तारांतून स्पीकरमध्ये जातं."

"कुणाच्या अंगातलं?"

"कुणाच्याही."

"न पिणाऱ्याच्या पण?"

त्रेइबोरांनी गिटार तिच्याकडे वळवली. "ठेव हात," ते म्हणाले.

दाफिशाने तारांवर हात ठेवला. नखाला शाईचा डाग असलेला छोटा पंजा. स्पीकरमधून तीच गुणगुण निघाली, तितकीच मोठी. तिने हात काढला नाही. चहा निवला तरी काढला नाही.

"मामानं ठेवला असता तरी?"

"तरीही."

"कुणी ठेवूनच बघितला नाही," ती म्हणाली. रागाने नाही. गणितातली चूक सापडावी तशी म्हणाली.

आता त्रेइबोरांच्या मनात दुसरेच काही सुरू झाले होते. दोन वर्षांपूर्वी लामबोक ही गिटार तीन वेळा त्यांच्याकडे घेऊन आला होता. तिन्ही वेळा त्यांनी ती वाजवून तपासली होती आणि तिन्ही वेळा ती गप्प होती. मग आजच का बोलते?

त्यांची नजर दाराकडे गेली. बाहेर कोळशाची शेगडी उपडी पडली होती. छातीसाठी डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी धूर बंद करायला लावला होता. त्याआधी चाळीस वर्षे त्यांची एकच रीत होती. कोणतेही वाद्य आले की आधी अर्धा तास शेगडीजवळ ठेवायचे, मग हात लावायचा. इथले धुके लाकडात मुरते, ओल्या वाद्याचे खरे मानू नये, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. लामबोकलाही सांगितले होते. तो बिचारा दर वेळी शेगडीजवळ उकिडवा बसून गिटार शेकायचा, आणि शेकलेली गिटार मग अगदी शहाण्यासारखी वागायची.

चर्चमध्ये शेगडी नव्हती. तिथे दगडी भिंती होत्या आणि खिडकीतून आत येणारे धुके.

त्रेइबोरांनी गिटार पालथी केली आणि मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आत, लाकडावर, पेन्सिलने तारीख लिहिलेली होती आणि खाली त्रेइबोरांचा आडवा-उभा 'T'. चौदा वर्षांपूर्वीची तारीख. लामबोकने ही गिटार जुनी विकत घेतली तेव्हा आतले सगळे काम त्यांनीच नव्याने केले होते. काम झाले की आत सही करायची त्यांना सवय होती. तिचा त्यांना अभिमानही होता.

अर्थिंगची वायर जागेवर होती. तिच्या टोकावर, ती चिकटवायला वितळवून लावलेल्या सोल्डरचा गोल, चकचकीत थेंब. वरून बघितले तर एक नंबर काम. त्रेइबोरांनी आगपेटीतली काडी घेऊन थेंबाला हळूच टोचले.

थेंब अख्खा निघून आला. दुधाचा दात निघतो तसा, काही न दुखवता.

खाली धातूवर पांढरट ठसा होता. त्रेइबोरांनी भिंग लावले. अंगठ्याच्या रेषा होत्या. बारीक, वळणदार, अजून मोजता येतील अशा. चुना लागलेल्या जागी सोल्डर धरत नाही, नुसते वर बसते. ऊब मिळाली की फुगून टेकते, गारठले की सुटते. चौदा वर्षे ते असे टेकून बसले होते, आणि ओल शिरून शेवटची दोन वर्षे गारठ्यात तेही जमेना झाले.

त्यांनी आपला डावा अंगठा बघितला. पानाला चुना लावायचा अंगठा. आत्ताही पांढरा होता.

"सापडला?" दाफिशाने विचारले.

वायर जुनी झाली होती, एवढे म्हटले असते तरी चालले असते. ते खोटेही नव्हते. पोरीला हवे ते उत्तर मिळाले असते, सोल्डर मारून पाच मिनिटांत गिटार गप्प झाली असती, शनिवारी सोहऱ्याला गेली असती. आतली सही सोहऱ्यात कोण वाचणार होते?

पण त्यांना लामबोकची तिसरी खेप आठवत होती. ते हसून म्हणाले होते, "लामबोक, गिटार ठणठणीत आहे रे. हाताचं काय ते बघ." पुढच्या रविवारी चर्चच्या ओट्यावर किरशानने चारचौघांत विचारले, बाह, तुम्ही तपासलीत ना? आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. जैआवमध्ये त्रेइबोरांनी वाद्य तपासले म्हटल्यावर वर कोणी बोलत नसे. लामबोक तिथेच उभा होता. त्याने फक्त दोन्ही हात खिशात घातले. त्यानंतर रस्त्यात कधीही भेटला तरी त्याचे हात खिशातच असायचे. थंडीमुळे असेल, असे त्रेइबोर स्वतःला सांगत आले होते.

त्यांनी दारात जाऊन क्वाय थुंकली, चूळ भरली आणि परत येऊन बसले.

"ये इकडे. यातून बघ."

दाफिशाने भिंगाला डोळा लावला. "हे काय आहे? बोट?"

"अंगठा. माझा." त्यांनी अंगठा तिच्यापुढे धरला. "हे काम मी केलं होतं. तुझ्या जन्माआधी. चुन्याच्या हातानं केलं. वायर कधी धरलीच नव्हती, धरल्यासारखी दिसत होती. तुझा बाप तीनदा आला माझ्याकडे, आणि मी एकदाही उघडून बघितलं नाही. माझ्या कामात खोट असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

दाफिशा भिंगातून बघतच राहिली. डोळा न काढता म्हणाली, "म्हणजे पापा खरं बोलत होता."

"खरं बोलत होता."

"आणि मामानं तुम्हाला विचारलं तेव्हा?"

"तेव्हा मी चुकीचं सांगितलं."

वरच्या रस्त्यावरून एक टॅक्सी घरघरत गेली. त्रेइबोरांना वाटले, आता पोर रडेल. रडली असती तर त्यांना सोपे गेले असते. पाठीवर हात ठेवता आला असता. पण ती रडली नाही. त्यांनी सोल्डरिंगचा दांडा तापायला लावला, साबणाने हात धुतले आणि अंगठा दगडावर घासघासून धुतला. मग कागदाने तो पांढरा ठसा पुसायला वाकले.

"नका," दाफिशा म्हणाली.

"अगं, दुरुस्त तर करायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे."

"आज नको. आज गुरुवार आहे. चार वाजता चर्चमध्ये सराव असतो. मामा तिथंच असेल, सगळेच असतील." तिने दांड्याचे बटण बंद केले. "मामानं हात ठेवून बघू दे. मग करा."

"मी चिठ्ठी लिहून देतो त्याला."

"चिठ्ठी तो खिशात घालेल."

त्रेइबोर खुर्चीत मागे रेलले. चर्च वर होते, टेकडीच्या माथ्यावर. दुकानाच्या बारा पायऱ्या, मग रस्ता ओलांडून आणखी शंभरावर. गुडघ्यांमुळे दोन वर्षे ते तिकडे टॅक्सीच्या रस्त्याने, लांबून, रविवारीच तेवढे जात. आणि गुडघे तरी कशाला पुढे करायचे? चाळीस वर्षे ज्यांची वाद्ये उघडली त्या सगळ्यांच्या देखत उभे राहून अंगठा दाखवायचा होता.

"तिथं मी काय सांगू पोरी?"

"मला सांगितलं तेच."

"उद्या गेलं तर?"

दाफिशाने गिटार पेटीत ठेवली, मागचे झाकण न लावता, ठसा पुसला जाणार नाही अशी पालथी. चार स्क्रू आणि झाकण तिने आपल्या रुमालात बांधले आणि पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. मग पेटी पाठीला लावली, दार उघडले आणि ते कोट घालेपर्यंत उघडे धरून ठेवले.

बाहेर धुके इतके उतरले होते की वरचा रस्ता दिसत नव्हता. दाफिशा पहिली पायरी चढली आणि थांबली. त्रेइबोरांचे दोन्ही पाय त्या पायरीवर आले, तेव्हाच ती दुसरी चढली, आणि पुन्हा थांबली.