माझ्या सिनेमातला तो हात

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. एस्टोनियातल्या टाल्लिन शहरात, एका संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत मी उभा असतो. माझ्या पाठीवर एक दार आहे. ते कशाला आहे म्हणाल, तर शपथेवर सांगतो, मला अजून कळलेलं नाही!

माझं डोकं भूर्जाच्या लाकडाचं, हाडं तारेची आणि कोट कुणाच्या तरी जुन्या ब्लँकेटचा. पावलाखाली स्क्रू आहेत. ते टेबलाखालून पिळले की मी उभा, सैल झाले की आडवा. मला घडवलं हेल्वेबाईंनी. त्यांच्या डोक्यात एक छोटासा सिनेमा होता. एक म्हातारा दलदलीतून दार वाहून नेतो आणि ते बसवायला घर शोधतो. घर मिळत नाही. शेवटी तो दार चिखलातच उभं करतो, उघडतो आणि आत जातो. आत म्हणजे कुठे? विचारू नका. बाईंनी मलासुद्धा सांगितलं नाही.

मला चालवायची युता. केसभर पाऊल पुढे सरकवायचं, मग पायाने पेडल दाबायचं, की कॅमेरा एक चित्र घ्यायचा. पुन्हा पाऊल, पुन्हा पेडल. दिवसभर राबूनही मी वीतभर चालत नसे. युताच्या बोटांना खारवलेल्या माशांचा वास यायचा, कारण डब्यात रोज काळा पाव आणि तेच मासे. मला तो वास आवडायचा.

एके दिवशी दलदलीवरच्या फळीवरून जाताना माझ्या डाव्या पायाचा स्क्रू ढिला झाला. दाराच्या वजनाने मी मागे कलंडलो. "अगं बाई!" करून युताने झेप घेतली आणि मला वरच्या वर धरलं. त्या धांदलीत तिचा पाय पेडलवरच राहिला आणि कॅमेरा खटाखट चित्रं घेत सुटला. फिल्म धुऊन आली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. आभाळातून एक भला मोठा हात येतो, म्हाताऱ्याला धरतो आणि नाहीसा होतो. युता पांढरीफटक पडली. हेल्वेबाईंनी ते तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे." का राहू दे, ते नाही सांगितलं. आमच्या लोकांच्या तोंडून एक शब्द काढायचा तर अख्खा हिवाळा जातो.

स्टुडिओचे प्रमुख अर्वो मात्र भडकले. "हात मुद्दाम घातला असेल तर ठीक. चूक असेल तर सिनेमातून हात कापायचा, आणि चूक करणाऱ्याने दुसरं काम बघायचं. आधी लोकांना दाखवू."

म्हणून एका खेड्याच्या सभागृहात सिनेमा दाखवला. मलाही खोक्यातून नेलं आणि कॉफीच्या किटलीशेजारी उभं केलं. निघताना हेल्वेबाई युताच्या कानात म्हणाल्या होत्या, "तू आपली गप्प बस. मी बघते."

सिनेमा संपला. दिवे लागले. मग ट्रॅक्टरवाला एंडेल खाकरला.

"म्हातारा एवढा वेळ दार वाहतो आणि घर काही मिळत नाही! ह्याला काय सिनेमा म्हणायचं? माझी कॉफी गार झाली!"

"तुला सगळं चमच्याने भरवायला हवं," शाळेच्या वाल्वेबाई म्हणाल्या. "तो हात म्हणजे नियती आहे, नियती!"

"नियती कसली? वरून येतो आणि मानगूट धरतो. कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे," मधमाश्या पाळणारा काल्यो म्हणाला.

"हळू बोल रे बाबा, भिंतीला कान असतात!" त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. तेव्हा आमच्या देशावर परक्यांचं राज्य होतं, सरकारविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

कोपऱ्यात साल्मेआजी डोळे पुसत होत्या. "आम्हीपण घर सोडताना दार उचकटून नेलं होतं. लावायला जागाच नाही मिळाली. मला तर सगळं कळलं बाई."

"मग मलाच का नाही कळलं?" एंडेल ओरडला. झाली की जुंपली! अर्धे म्हणत होते डोळ्यांत पाणी आलं, अर्धे म्हणत होते डोळे मिटले. आणि मी? मी तर पार गोंधळून गेलो. मला नियतीने धरलं होतं, की आणखी कुणी? त्या हाताला तर माशांचा वास येत होता!

अर्वो वळले. "हेल्वेबाई, तुम्हीच सांगा. हात मुद्दाम घातलात?"

बाई युताकडे बघू लागल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. तेवढ्यात युता उठली.

"हात माझा आहे. बाहुला पडत होता. मी धरला."

"म्हणजे नियती वगैरे काही नाही?" वाल्वेबाईंचा चेहरा उतरला.

"नाही हो बाई. स्क्रू ढिला होता."

कुणीतरी फिसकन हसलं. अर्वो म्हणाले, "मिटलं तर मग. चूक आहे. हात कापायचा." युताने मान खाली घातली. मला वाटलं, आता मला कोण चालवणार?

"थांबा हो साहेब," एंडेल उभा राहिला. "मला ह्यातलं काडीचंही कळलं नाही. पण तेवढं एक कळलं. म्हातारा पडत होता, कुणीतरी धरला. कापायचंच असेल तर बाकीचं कापा. हात राहू द्या."

साल्मेआजी मान हलवत राहिल्या. अर्वोंनी बराच वेळ कॉफी ढवळली. मग केकची बशी युतापुढे सरकवून म्हणाले, "खा. आणि उद्या वेळेवर ये."

हात राहिला, युताही राहिली. सिनेमावर लोक अजून भांडतात. शाळेची मुलं काचेला नाक लावून विचारतात, "ह्याच्या पाठीवर दार का?" गुरुजी दरवेळी वेगळं उत्तर देतात. मी सगळी ऐकतो आणि आणखीच गोंधळतो.

युता आता म्हातारी झाली आहे. कधीमधी येते. माझा डावा पाय पुन्हा ढिला झाला आहे, मी थोडा कललो आहे. ते दिसलं की तिचा हात आपोआप पुढे येतो आणि काचेवर आपटतो.

मित्रांनो, मला सिनेमाचा अर्थ विचारू नका. पण कुणी पडताना दिसलं, तर चित्र बिघडेल म्हणून हात मागे घेऊ नका. आणि इथे आलात, तर त्या पहारेकऱ्याला सांगा, ह्या म्हाताऱ्याचा स्क्रू जरा पिळा म्हणावं.