सायबाले बे

धानोऱ्याच्या नाटकात धाकट्या भावाचं काम खुशालरावांनी सत्तावीस वर्षं केलं, आणि यंदा ते नितेशला द्यायचं असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं. नितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. गावात याचा अर्थ सगळ्यांना कळला. कोणाला बापाकडून शेत मिळतं, कोणाला दुकान. नितेशला हे काम मिळणार होतं, आणि लहानपणापासून त्याला दुसरं काही नकोच होतं.

नाटक गावातल्याच एका मास्तरनं कधीकाळी लिहिलेलं. सप्ताहाचा काला झाला की शाळेच्या पटांगणात व्हायचं. पूर्वी रात्रभर चालायचं, आता भोंग्यांचा कायदा आडवा येतो म्हणून दुपारी चारला सुरू करून दिवेलागणीच्या आत गुंडाळतात. गोष्ट साधीच. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांचं वाजतं आणि तीस वर्षं बोलणं बंद राहतं. शेवटी म्हातारा झालेला धाकटा थोरल्याच्या दारात येतो, चपला काढतो आणि म्हणतो, "दादा, दार उघडा. मी आलो." थोरला दार उघडतो. संपलं नाटक.

एवढ्याशा वाक्यावर गावातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. खुशालराव त्या वेळी रडायचे नाहीत की ओरडायचे नाहीत. नितेशला त्यांनी कांद्याच्या वाफ्यात निंदता निंदता शिकवलं होतं, "डायलाग मारू नको, सांग. शेवटच्या रांगीतल्या बुढीले आयकू गेलं पायजे, पन पयल्या रांगीतल्याले वरडला असं वाटलं नाई पायजे." अभिनयावरचं याहून मोठं पुस्तक नितेशनं वाचलं नाही, आणि त्याला गरजही पडली नाही.

तो गावाहून जाऊन-येऊन अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये भूगोल शिकवायचा आणि वेळ मिळेल तशी हौशी नाटकं करायचा. गेल्या उन्हाळ्यात मुंबईची मंडळी अकोल्याकडे वेबसिरीज काढायला आली. खुनाची गोष्ट, वऱ्हाडातली. त्यांना चहावाला हवा होता. तीन वाक्यं. पोलीस अधिकारी झालेला हिरो विचारतो आणि चहावाला म्हणतो, "नाई सायेब, मले काई मालूम नाई." नितेश जसं बोलतात तसं बोलला. खालच्या मानेनं, कप विसळता विसळता.

"कट," डायरेक्टर म्हणाला. "अरे, तू वऱ्हाडी वाटतच नाहीयेस."

नितेशला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. हिरोनं महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून वऱ्हाडी शिकून घेतली होती, म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'बे' बांधायचं आणि शेवटचा शब्द ताणायचा. आता सिरीजमधली वऱ्हाडी म्हणजे हीच. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

"सर, सायबाले कोनी बे नाई म्हनत," नितेश म्हणाला. "बे बरोबरीच्याले म्हनते, नाईतर लहानाले. सायबाले म्हटलं तर कानाखाली बसते."

"प्रेक्षकाला काय कळतंय? फोन हातात घेऊन बघतात रे लोक. तीन सेकंदात मजा नाही आली की गेले पुढे. ताण जरा. डोळे मोठे कर."

सगळं युनिट घामेजून उभं होतं. हिरोनं घड्याळ पाहिलं. आणि आपला नितेश, वाफ्यात शिकलेला नितेश, डोळे वटारून बोलला, "काई मालूम नाई ना बे सायेऽऽब!" डायरेक्टरनं टाळी दिली. नितेशलाही त्या क्षणी बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

जानेवारीत सिरीज आली. भगवंतरावांकडे भिंतीएवढा टीव्ही होता, म्हणून अर्धं गाव त्यांच्या ओसरीत जमलं. हिरोचं काम इतकं वाईट होतं की बघवत नव्हतं. बायको मेल्याचं कळतं तेव्हा तो दाढ दुखत असल्यासारखा जबडा धरतो, दुसरं काही त्याला जमत नाही. पण गावानं त्याला माफ केलं. "बाह्यरचा मानूस, तरी आपली भाषा बोलून राहिला बिचारा," भगवंतराव म्हणाले. मग नितेश आला. त्याचं वाक्य झालं. ओसरी छप्पर उडेल इतकी हसली.

"सायबाले बे म्हनते बे हा!"

हिरो परका होता, त्याला सूट होती. नितेश घरचा होता. पंधरा दिवसांत त्या वाक्याच्या रील निघाल्या. क्लासमध्ये दख्खनचं पठार विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "काई मालूम नाई ना बे सऽऽर!" वर्ग खिदळायचा. नितेशही हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. बायको सीमा म्हणायची, चार दिवसांचं आहे. चार दिवसांचं नव्हतं.

सिरीज बघून आठवडा झाला. मग एका सकाळी गोठ्यात खुशालराव म्हणाले, "हिरो ठीक होता."

"बाबा, मले तसंच बोलाले सांगतलं होतं."

"कोनं?"

"डायरेक्टरनं."

"तो कुठचा हाय?"

"मुंबईचा."

"आन् तू?"

नितेशनं घमेलं पुढे सरकवलं. म्हातारा शेण भरत राहिला. घमेलं उचलताना म्हणाला, "काम तुलेच देतो. मी दाराच्या आतला दादा करतो. पन मले बाह्यरून माह्या घरातला आवाज आयकू आला पायजे."

तालमी सुरू झाल्या. पहिले दिवस फार वाईट गेले. साधं वाक्य बोलायला गेलं की नितेशला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, आणि खरा 'मले' सुद्धा नक्कल केल्यासारखा वाटायचा. पण खुशालरावांनी सोडलं नाही. रोज संध्याकाळी तेच वाक्य, पन्नास वेळा, साठ वेळा. विसाव्या दिवशी शाळा झाडणारी पार्बताबाई खराटा टेकवून उभी राहिली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. घरी जाताना खुशालरावांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. नितेशला त्या रात्री लहान मुलासारखी झोप लागली.

काल्याच्या दिवशी नाटकाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. मूर्तिजापूरहून माणसं आली, अमरावतीहून क्लासची पोरं गाड्यांवर बसून आली. नाटकाला नव्हती आली. नितेश मंचावर पाय ठेवतो न ठेवतो तोच शेदोनशे फोन वर झाले आणि आरोळी उठली, "बे सऽऽर!"

त्यानं दोन अंक दात-ओठ खाऊन ओढले. धुऱ्यावरच्या भांडणाला लोक हसले. आई मरते तिथंही हसले. तो चांगलं काम करत होता, खरंच चांगलं, पण ते बघायला कोणी बसलंच नव्हतं. चांगलं काम आणि वाईट काम यांतला फरक ज्यांना कळायचा, त्या म्हाताऱ्या मागच्या रांगांत फोनांच्या भिंतीआड पडल्या होत्या.

शेवटचा प्रवेश आला. मधोमध प्लायवूडचं दार, त्यामागे खुशालराव. नितेशनं चपला काढल्या.

"दादा, दार उघडा."

"बे राहिलं!" कोणीतरी ओरडलं. पटांगण फुटलं. "बे म्हन! बे म्हन!"

आतून खोकल्याचा आवाज आला. खुशालराव वाट बघत होते. 'मी आलो' एवढंच उरलं होतं, दोन शब्द. नितेशनं समोर पाहिलं. सगळे चेहरे त्याच्याकडे लागलेले, सगळे आनंदात. आयुष्यात इतक्या माणसांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि तो थकला होता. त्याचे डोळे आपोआप मोठे झाले.

"दार उघडा ना बे दादाऽऽ!"

शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. बापाला सत्तावीस वर्षांत मिळाला नाही एवढा गजर. नितेश हसत उभा राहिला. आता दार उघडेल आणि संपेल.

दार उघडलं नाही.

त्यानं हळूच ढकलून पाहिलं. दाराला कडी नव्हतीच, दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं नाटकाचं दार ते. पण आतून कोणीतरी दोन्ही हातांनी धरून उभं होतं, आणि त्या हातांत अजून भरपूर जोर होता.

"बाबा," नितेश दाराला तोंड लावून म्हणाला. "उघडा ना. मी आलो."

हे त्यानं अगदी बरोबर म्हटलं. दार आतून धरलेलंच राहिलं. पडद्याची दोरी दरवर्षीप्रमाणे गावातल्या देवानंदच्या हातात होती. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पडदा ओढून घेतला, तरी बाहेर शिट्ट्या चालूच होत्या.